‘नको’ म्हणायची तालीम

सातवीच्या वर्गात दारूचा विषय वर्षातून दोनदा निघतो. एकदा 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आणि एकदा गांधी जयंतीच्या आसपास. प्रभातफेरी निघते, फलकावर कवटी आणि दोन हाडं काढली जातात, ‘दारूचे दुष्परिणाम’ या विषयावर निबंध होतो, शपथ होते. अहवालाला फोटो जोडले की विषय पुढच्या वर्षावर. एरवी मुलांना दारू भेटते ती शाळेबाहेर: जत्रेत, वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या दिवसांत ढाब्यावर.

कराड तालुक्यातल्या एका गावातले हे मामा आणि त्यांची भाची. मामा राज्य उत्पादन शुल्क विभागातून निवृत्त झाले. खातं महसूल गोळा करणारं, पण गावात त्यांना अजून ‘दारूबंदीतले साहेब’ म्हणतात. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. यंदा तिनं निबंध बाजूला ठेवून वर्गात नकार द्यायचा सराव सुरू केला आणि मामांना ते मुळीच पटलेलं नाही. मी मामांचा शेजारी. ओसरीवर बसून दोघांचं ऐकलं, मध्येमध्ये तोंडही घातलं. मुलं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही.

मामा : सातवीतल्या पोराला तू शिकवणार, दारूला नाही कसं म्हणायचं. आणि पाजणाऱ्याला कोण शिकवणार? कायदा काय सांगतो, बिअर-वाइनला 21 वर्षं पुरी पाहिजेत, बाकी दारूला 25. वर परवाना पाहिजे. नसला तर दिवसाचा परवाना मिळतो, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. हे सगळं कागदावर. काउंटरवर वय विचारायचं काम मोठ्यांचं आहे. ते मोठ्यांनी केलं नाही, म्हणून बारा वर्षांच्या पोराला पुढं करायचं?

भाची : मी पुढं करत नाही, मामा. ते पोरगं आधीच तिथं उभं आहे. वरातीत साउंडच्या गाडीमागं सोडा कोण आणून देतं? ग्लास कोण विसळतं? चखण्याच्या पुड्या कोण फोडतं? आमच्याच सहावी-सातवीतली पोरं. ‘पळ रे, बर्फ आण’ म्हटलं की पळतात. दोन वर्षं असं पळाल्यावर तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणतं, ‘घे की जरा, लई केलंस आज’. ते बक्षीस असतं. त्याला दबाव वाटतच नाही तो.

मामा : मग निबंधात हेच लिहायला लाव ना.

भाची : निबंधाचं नाव काढू नका. पुण्यात काय झालं?

तिचा रोख कल्याणीनगरच्या अपघाताकडे होता. 19 मे 2024 च्या पहाटे एका महागड्या गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. गाडी चालवणारा मुलगा 17 वर्षांचा, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्याआधी मित्रांबरोबर पबमध्ये बसलेला. बाल न्याय मंडळानं जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यात एक होती, रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. देशभर लोक खवळले ते याच अटीवर. खरं तर त्या अटीत नवीन काही नव्हतं. व्यसन असो, वाहतूक असो, पर्यावरण असो, आपली शाळा वर्षानुवर्षं हाच उपाय करत आली आहे.

मामांनी मान हलवली, पण हार मानली नाही. म्हणाले, तुझा तो सराव म्हणजे तरी काय, सांग एकदा.

भाची : पहिल्या दिवशी साधा प्रसंग दिला. वरात चाललीय, गाडीमागं चौघं उभे आहेत, एकानं तुझ्यापुढं ग्लास केला. मध्ये कोकम सरबताची बाटली ठेवली. आग्रह करणारे चौघं, नको म्हणणारा एक. तर मामा, त्या चौघांना मला एक शब्द शिकवावा लागला नाही. ‘एवढ्यानं काय होतंय?’ ‘बिअर म्हंजे काय दारू असती व्हय?’ ‘वरनं बडीशेप खा, कुणाला कळतंय.’ ‘तुझा पप्पा काय दूध पितो का?’ ‘पोरगी हायस का तू?’ धडाधड वाक्यं पडत होती. आणि नको म्हणणारा, एरवी वर्गात तोंड मिटत नाही त्याचं, तो नुसता हसत उभा. दोन-तीनदा ‘नको ना, नको ना’ म्हणाला आणि खाली मान घालून ग्लास घेतला. सरबत होतं, तरी खाली मान घालून.

मामा : आणि पोरी?

भाची : ‘पोरगी हायस का’ म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरची एक उठली. म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे नको म्हणणं हे काय फक्त पोरींचं काम आहे का?’ मला उत्तर द्यावं लागलं नाही. पोरं हसायची थांबली.

माझ्या मते या सगळ्या वादातली सगळ्यात कामाची गोष्ट इथं आली. पाजणाऱ्याची वाक्यं मुलांना पाठ आहेत. नाकारणाऱ्याचं एकही वाक्य त्यांच्यापाशी नाही. निबंधात यकृत येतं, कर्करोग येतो, संसाराची धूळधाण येते. पण वरातीत यकृताचा विषय कुणी काढत नाही. तिथं ‘घे की’ला दोन सेकंदांत उत्तर द्यायचं असतं, तेही चारचौघांत, हसतमुखानं, कुणाला न दुखावता. हे मोठ्यांनाही जमत नाही.

मामा मात्र भाषणाच्या बाजूचे. नोकरीत असताना वर्दी घालून ते शाळांमध्ये जायचे. हातभट्टीत नवसागर, काळा गूळ आणि काय काय घालतात ते सांगायचे, विषारी दारूनं माणसं कशी मरतात ते सांगायचे. पोरं टाचणी पडली तर ऐकू येईल अशी ऐकायची.

भाची : आणि शेवटी प्रश्न काय विचारायची, तेही सांगा की.

मामा : (हसत) ‘साहेब, जप्त केलेल्या दारूचं पुढं काय करता?’ प्रत्येक शाळेत. एक शाळा चुकली नाही. आता पंचनामा करून नष्ट करतो म्हटलं तरी पोरांच्या डोळ्यांत विश्वास दिसायचा नाही.

भाची : अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळेत जाऊन शिकवायचा कार्यक्रम काढला, ‘डेअर’ नावाचा. गणवेशातला अधिकारी, व्यसनांची माहिती, शेवटी प्रतिज्ञा आणि टी-शर्ट. देशभर पसरला, पालक खूश, पोलीस खूश. मग अभ्यासकांनी कार्यक्रमातली मुलं आणि बाहेरची मुलं पुढं काही वर्षं ताडून बघितली. पिण्यात फरक नाही म्हटलं तरी चालेल. अखेर 2009 मध्ये त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. माहिती कमी केली आणि प्रसंग, बोलणं, निर्णय घेणं यावर भर दिला.

मामा : म्हणजे भीती घालू नये?

भाची : घाला. पण भीती एकटं असताना वाटते. मित्र आले की जाते. यावर प्रयोगही झालेत. स्टाइनबर्ग आणि गार्डनर या दोघांनी 2005 मध्ये मुलांना संगणकावर गाडीचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झालाय, गाडी पुढं दामटायची की थांबवायची. एकटं असताना पोरं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी येऊन बघायला लागले आणि तेरा ते सोळा वयाच्या पोरांनी धोका घ्यायचं प्रमाण एकदम वाढवलं. मोठ्यांच्यात तसं झालं नाही. पोरांना धोका कळत नव्हता असं नाही. मित्र बघतायत, एवढंच पुरलं.

मामांनी इथं तिला बरोबर पकडलं. ‘मग तुझ्या वर्गात शिकलेलं वरातीत टिकणार कसं? तिथं तर मित्रच मित्र.’ प्रश्न रास्त होता आणि भाचीनं तो टाळला नाही. म्हणून तर सराव मित्रांसमोरच घ्यायचा, असं तिचं म्हणणं. शपथ सगळे एका सुरात घेतात. त्यात कोण मनापासून बोलतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय ते कळत नाही. प्रसंग करताना मात्र वर्गाला दिसतं की अमक्याला प्यायची नाहीये, तमक्यालाही नाहीये. हे त्यांना आधी माहीतच नसतं. तिनं एकदा नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या. वर्गातल्या किती जणांनी दारू चाखली असेल, हा एक प्रश्न. तू चाखलीस का, हा दुसरा. अंदाज अर्ध्या वर्गाच्या पुढं गेले आणि ‘हो’ मात्र बोटांवर मोजण्याइतके. केंद्र सरकारनं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीतही 10 ते 17 या वयोगटातलं दारू पिणाऱ्यांचं प्रमाण 1.3 टक्के निघालं होतं. ‘सगळेच पितात’ हे पोरांना खरं वाटतं, कारण पिणारा आवाज करतो आणि न पिणारा गप्प घरी जातो.

मामा : बरं, शिकवतेस तरी काय नेमकं? ‘मी मद्यपान करत नाही, ते आरोग्यास अपायकारक आहे’?

भाची : असं बोललं तर पोराला वर्षभर चिडवतील. मी त्यांच्याच तोंडची वाक्यं गोळा केली. ‘नको, मला जमत नाही.’ ‘तुम्ही घ्या, मी आलोच.’ ‘नाही म्हटलं ना, चल नाचायला.’ वाक्य तोकडं पाहिजे. आणि वाक्य संपलं की पाय हलले पाहिजेत. तिथंच उभं राहून कारणं देत बसलं की समोरचा प्रत्येक कारण खोडून काढतो. सराव करताना पोरांनीच हे शोधलं. जो कारण सांगत बसला, तो हरला. हातात आधीच सरबताचा किंवा पाण्याचा ग्लास असला तर कुणी दुसरा पुढं करत नाही, हेही त्यांनीच काढलं. आणि जोडीनं राहायचं. दोघं असले की ‘आम्ही निघतो’ म्हणता येतं.

मग तिनं एका मुलाचा प्रश्न सांगितला आणि वादाचा रंगच बदलला. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मित्राला नाही म्हणीन. पण दाजी असले तर?’

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, घरचा जावई. त्याचा मान. त्यानं लाडानं मेहुण्यापुढं ग्लास केला तर ‘नको, जमत नाही’ म्हणून चालता होणं कुठल्या पुस्तकात बसतं? वर्गातल्या पोरांनी यावर बराच वेळ डोकं चालवलं. शेवटी एकानं सुचवलं, ‘दाजी, उद्या मॅच हाय, सर बघतील.’ सगळ्यांना पटलं.

मामांना पटलं नाही. ‘म्हणजे शाळेत आता खोटं बोलायला शिकवणार? मॅच नसली तरी मॅच?’

भाची : तेरा वर्षांच्या मुलानं घरच्या जावयापासून सुटण्यासाठी एक सबब सांगितली तर मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. त्याला ज्यानं त्या जागी उभं केलं, त्याच्याशी मी बोलीन.

मामा : आमच्या वेळी असल्या सबबी लागायच्या नाहीत. घरात एकानं माळ घातली की विषय संपला. माळकऱ्यापुढं कुणी मटणाचं ताट करत नाही आणि ग्लासही करत नाही. पिणाराच म्हणतो, ‘आरं, त्याला नको विचारू, त्याची माळ हाय.’ बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ याच भागात वाढला, तो काय प्रसंग करून वाढला का? पोरांना शिस्त दिली, भजन दिलं, माळ दिली. तू हे का नाही सांगत?

भाची जरा थांबली. मग म्हणाली, ‘मामा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.’

भाची : माळकरी काय मोठं भांडण करून नको म्हणतो का? त्याला काही बोलावंच लागत नाही. गावानंच ठरवलंय की याचं नको म्हणजे नको. त्याच्या निग्रहाला मी कमी लेखत नाही, पण त्या निग्रहाला गावाची राखण आहे. माळ नसलेल्या पोराला ती कुठं आहे? तालमीत जाणाऱ्या पोराला थोडी मिळते, वस्ताद आहे म्हणून. ‘उद्या मॅच हाय’ ही त्याची तेवढ्यापुरती माळच. बाकीच्यांचं काय?

मामा : बाकीच्यांना घरानं राखायचं.

भाची : घरात नको म्हटलेलं ऐकतं कोण? पंगतीत बघा. पोट भरलं म्हणून पोरानं पानावर हात आडवा धरला तर वाढपी हाताच्या बाजूनं जिलेबी सोडतो आणि सगळे हसतात. ‘माझ्यासाठी एक’, ‘मला वाईट वाटेल हं’. तीनदा नको म्हटल्याशिवाय पहिलं नको धरायचंच नाही, ही आपली रीत. पाहुणचार आहे, माया आहे, मला कळतं. पण दारू पाजणारा तरी दुसरं काय करतो? तो बंदूक रोखत नाही. तो आग्रह करतो. तेच शब्द, तीच माया, तोच ‘मला वाईट वाटेल’. पोराला आपण जन्मभर शिकवलेलं असतं की आग्रहापुढं नमतं घ्यावं, तुटू देऊ नये. मग एका ग्लासापुरतं त्यानं एकदम ताठ व्हायचं?

हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला ते थोडं ताणलेलं वाटलं, हेही सांगतो. जिलेबी आणि दारू एका पंक्तीत बसवणं पुरणपोळी वाढणाऱ्या कुठल्याही आजीला रुचणार नाही. पण नंतर आजूबाजूच्या लग्नांत मी मुद्दाम बघत राहिलो. लहान मुलाच्या ‘नको’ला आपण खरोखरच शून्य किंमत देतो. गालगुच्चा घेताना, पाहुण्याच्या मांडीवर बसवताना, गाणं म्हणायला उभं करताना आणि वाढताना. आणि आग्रह सगळ्यात जास्त करतो तो कोण? घरातला मानाचा माणूस.

मामांनी यावर आपल्या खात्यातली गोष्ट सांगितली. बाळाला सर्दी झाली की दोन थेंब ब्रँडी चाटवायची, हा घरोघरचा इलाज. आजी करते, कुणाला त्यात दारू दिसत नाही. बाल न्याय कायद्याचं 77 वं कलम सांगतं की मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सूट फक्त पात्र डॉक्टरनं सांगितलं तर. पुढचं 78 वं कलम दारू विकायला, वाहायला, पोचवायला मुलाचा वापर करणाऱ्यासाठी. शिक्षा तेवढीच. ‘जा रे बाळा, दुकानातनं क्वार्टर घेऊन ये’ म्हणणारा बाप या कलमाखाली येतो. मामांच्या मते शाळेनं शिकवायचंच असेल तर ही दोन कलमं शिकवावीत, तीही पालकांना.

भाची : पालकसभेत शिकवते की. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागचे दोघं-तिघं उठून तंबाखू मळायला बाहेर गेले. आया मात्र बसल्या.

मामा : आया बसणारच. आडव्या बाटलीच्या मतदानाला मी होतो. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला नुसतं बहुमत चालत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूनं धरली जाते म्हण ना. तरी बायका जिंकल्या. रानातनं थेट आलेल्या, पदराला माती. मी तर म्हणतो पोरांना शिकवत बसण्यापेक्षा हे करा. दुकान नाही तर ग्लास नाही.

भाची : दुकान गेलं की ग्लास जातो?

मामा काही बोलले नाहीत. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती टिकवायला तिथं गावोगावच्या लोकांना सतत जागं राहावं लागतं. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली. त्यावर दोन्हीकडून भरपूर लिहिलं गेलंय, इथं त्यात शिरत नाही. एवढं खरं, की शेजारच्या तालुक्यातून डिकीत घालून आणलेली बाटली आडव्या बाटलीचा निकाल वाचत नाही.

भाची : दुकान बंद करा, मी चिठ्ठी टाकायला येते. पण तोवर शनिवारी वरात आहे.

त्यानंतर मामांनी जो मुद्दा काढला त्यावर भाचीकडे पुरेसं उत्तर नव्हतं, असं मला वाटलं. ते म्हणाले, संध्याकाळी सहा ते नऊ पोरगं असतं कुठं, ते बघ. तू दुपारी वर्गात वाक्यं पाठ करून घेणार आणि संध्याकाळी ते पाराच्या मागं मोबाइलवर रील बघत बसणार. त्या रीलमधल्या गाण्यात दारू, सोड्याच्या जाहिरातीत दारूचंच नाव, क्रिकेटच्या स्पर्धेला बक्षीस ज्यानं लावलंय त्याची पार्टी ढाब्यावर.

आइसलँडचं उदाहरण नेमकं मामांच्या बाजूनं जातं, आणि ते दिलं भाचीनंच, हे तिचा प्रामाणिकपणा म्हणून नोंदवतो. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं ‘गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो होतो’ असं सांगत होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना नकाराची वाक्यं शिकवण्यावर जोर दिलाच नाही. खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग वाढवले आणि घरांना त्यासाठी पैशांची मदत दिली. 13 ते 16 वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर एकटं दिसायचं नाही, असा नियम आधीपासून होता, तो पाळायला लावला. शाळाशाळांतल्या पालकांनी एकमेकांशी करार केले, की आमच्या घरी तुमच्या मुलाला दारू मिळणार नाही. दारू विकत घ्यायचं वय 20.

मामा : बघ! पोरांना काही शिकवलं नाही. मोठ्यांनी मोठ्यांना धरलं.

भाची : बरोबर आहे. पण तिथं सरकारनं पैसे घातले. आपल्याकडं तालमीला पत्रा घालायचा म्हटलं तर वर्गणी काढावी लागते. ते होईपर्यंत माझ्या हातात आठवड्याचा एक तास आहे. त्या तासाचं मी काय करू? पुन्हा निबंध?

एका बाबतीत दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामांना एका शाळेतला उपक्रम फार आवडलेला: मुलांनी वडिलांना पत्र लिहायचं, ‘बाबा, दारू सोडा’. पत्रं वाचून बाप रडले, असं त्यांनी ऐकलेलं. भाची यावर एकदम उसळली. पत्र वाचून रडणारा बाप मुख्याध्यापकांना दिसतो, म्हणाली. पत्र वाचून रात्री पोराला बडवणारा बाप कुणाला दिसत नाही. ज्याच्या घरात रोज पितात त्या मुलाला तिनं एवढंच सांगितलंय की बापाला सुधारायची जबाबदारी तुझी नाही, रात्री भीती वाटली तर शेजारी कुणाकडे जायचं ते आधी ठरवून ठेव, आणि 1098 हा नंबर पाठ कर. तो मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. सोडायची इच्छा असलेल्या बापासाठी 14446. वर्गात कुणाच्या घरचं नाव काढायचं नाही, हा तिचा नियम आहे, आणि तो तिनं मामांच्या ओसरीवरही मोडला नाही. यात मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. मुलाच्या हातून मोठ्यांची व्यसनं सोडवणं हा शाळेचा भित्रेपणा आहे.

राहता राहिला मूळ वाद. मामा म्हणतात, हे काम मुलांचं नाही. भाची म्हणते, मुलांना तयार ठेवायलाच हवं. मला विचाराल तर पद्धत भाचीची खरी आणि हिशोब मामांचा खरा. सातवीच्या मुलाला नको म्हणायचा सराव जरूर द्यावा, मित्रांसमोर द्यावा, त्याच्याच बोलीत द्यावा. पण तो सराव करून आलेलं पोर ज्या मांडवात, ज्या वरातीत उभं राहणार तिथले यजमान आपण असतो. माळकऱ्याच्या नकाराला आपण जो मान देतो तो बिनमाळेच्या पोरालाही द्यायला खर्च काही नाही.

तुळशीची लग्नं लागली की वराती सुरू होतील. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एवढीच विनंती. साउंडच्या गाडीमागं काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. तिकडं सोडा, बर्फ, ग्लास घेऊन शाळेतल्या पोराला पाठवू नका, लागेल त्यानं स्वतः जावं. जावई असो, चुलता असो, नवऱ्या मुलाचा मित्र असो, पोरापुढं ग्लास करणाऱ्याला तिथल्या तिथं अडवा, मानपान नंतर बघता येईल. आणि कुणा पोरानं ‘नको’ म्हटलं, तर ‘का रे?’ असं विचारू नका.